इंदूताईंचं पुढचं दार

आमच्या रांगेचं नवं पत्रक परवा पोस्टाने आलं. चकचकीत कागद आणि वर सगळ्या घरांचा मिळून एकच फोटो. लाल विटा, पांढऱ्या चौकटी, काळी दारं, दारांवर उघडलेल्या पंख्यासारख्या अर्धगोल काचा. हा फोटो कधी काढला ते मला पक्कं माहीत आहे, कारण तेव्हा मी चहाचा कप घेऊन तिथेच आले होते. फोटोत मी नाही, त्याचं मला काही वाटत नाही. पण इंदूताईही नाहीत. त्यांच्या दारापुढच्या वरच्या दोन पायऱ्या दिसतात आणि तिथे फोटो कापलाय. त्याखाली लगेच अक्षरं: या, आपला वारसा पाहा.

इंदूताई या हिवाळ्यात मॉरिसव्हिलला मुलाकडे वारल्या. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोडगोड लिहितात. मला ते जमत नाही आणि इंदूताईंनाही ते चाललं नसतं. मी चौथी शिकलेली बाई आहे, पण जे कापलंय ते लिहून ठेवण्यापुरतं मला येतं.

फिलाडेल्फियाच्या जुन्या भागात ही घरांची रांग आहे. माझा मुलगा राजेश इथे नोकरी करतो. रांगेतल्या शेवटच्या घराचं तळघर आम्ही भाड्याने घेतलंय. तळघराची खिडकी अर्धी जमिनीत आणि अर्धी वर, त्यामुळे मला रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसतात. शेजारचं घर इंदूताईंचं. त्यांच्या पायऱ्या माझ्या खिडकीला लागूनच. म्हणून मला इंदूताई आधी पायांवरून माहीत झाल्या. लोकरीच्या मोज्यांना अंगठ्यापाशी टाके घालून वेगळी जागा केलेली, आणि त्यात अंगठ्याची चप्पल. बर्फ असो नाहीतर ऊन.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात कुणीतरी माझ्या खिडकीच्या काचेवर टकटक केलं. खिडकी उघडली तर ते मोजे.

"आत कोण आहे? फोडणी जळतेय," वरून आवाज आला.

मी म्हटलं, "जळत नाहीये, मला तशीच आवडते."

"हिंग जास्त पडलाय."

"तुम्हाला जेवायला बोलावलंय का?"

वरून हसू ऐकू आलं. "बोलाव की मग. मी इंदू. वर ये, दार उघडंच आहे. पुढचं."

तेव्हापासून त्या मला 'अगं शांता' म्हणायच्या आणि मी त्यांना 'अहो इंदूताई'. त्या माझ्याहून मोठ्या, शिकलेल्या आणि घराच्या मालकीण. पण यातलं काही त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही. एक सोडून. माझ्या फोडणीला त्यांनी शेवटपर्यंत नावं ठेवली.

त्यांचे यजमान वसंतराव इमारतींचे नकाशे काढणाऱ्या मोठ्या ऑफिसात होते. तरुणपणी या गावात आले तेव्हा ही रांग पडायला टेकलेली होती. कुणी घ्यायला तयार नव्हतं, म्हणून या दोघांना परवडली. मग वसंतरावांनीच शेजाऱ्यांना गोळा करून कमिटी केली, नियम लिहिले, शहराकडून रांगेला जपायच्या इमारतींच्या यादीत घालून घेतलं. दाराशी लोखंडी पाटी लागली. कुणी पाहुणा आला की वसंतराव आधी त्याला रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं करत. चहा नंतर.

"ही वेगवेगळी घरं दिसतात ना तुम्हाला? चूक," ते म्हणायचे. "हे एकच घर आहे. मधल्या घराच्या डोक्यावर त्रिकोण आहे बघा, देवळाच्या कपाळासारखा. दोन्ही टोकांची घरं जराशी पुढे आलीत. राजवाडा वाटावा म्हणून. खालच्या मजल्याच्या खिडक्या उंच, त्यावरच्या कमी, सगळ्यात वरच्या अगदी चौकोनी. त्यामुळे घर आहे त्यापेक्षा उंच वाटतं. एका घराने एक गोष्ट बदलली की सगळी रांग खोटी पडते."

इंग्लंडात जॉर्ज नावाचे राजे होऊन गेले, त्यांच्या वेळची ही पद्धत म्हणे. मी म्हटलं, इथल्या लोकांनी त्या राजाला हाकलून दिलं ना? मग त्याची घरं कशाला बांधत बसले? वसंतरावांना ते आवडलं नाही. इंदूताई मात्र ठसका लागेपर्यंत हसल्या.

रांग देखणी आहे, हे मी कबूल करते. संध्याकाळी विटांवर ऊन येतं तेव्हा मीसुद्धा बघत उभी राहते. पण मागच्या गल्लीत गेलं की कळतं. तिथे कसला त्रिकोण आणि कसला राजवाडा. वेड्यावाकड्या विटा, गंजके नळ, पत्र्याच्या पडव्या, कचऱ्याची पिंपं. प्रत्येकाचं मागलं अंग निराळं. सगळा जीव रस्त्याकडच्या तोंडावर ओतलाय.

आणि वसंतरावांनी ज्या तोंडासाठी जीव टाकला, त्या तोंडावर खरी वर्दळ होती ती इंदूताईंची. सकाळी दहाच्या सुमारास ऊन पायऱ्यांवर यायचं आणि त्याबरोबर इंदूताई. मांडीवर ताट, ताटात मटार नाहीतर मेथी. पोस्टमन त्यांच्याशी बोलायला थांबायचा. कुत्रीवाले त्यांना बिचकून असत. कुत्रा पायरीशी रेंगाळला की त्या मालकाकडे बोट दाखवून म्हणत, "युवर डॉग, युवर पिशवी." तो बिचारा 'पिशवी' म्हणजे काय हे न विचारताच खिशातून पिशवी काढायचा. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून, तिथल्या आपल्या बाजारातून, कुणी पाहुणी मिठाई घेऊन आली तर त्या मिठाईतला निम्मा डबा पायरीवरच वाटून संपायचा.

त्या पायऱ्या पांढऱ्या संगमरवराच्या. कमिटी झाल्यावरच्या पहिल्याच दिवाळीला इंदूताईंनी काय केलं असेल? आपल्याकडे करतात तेच. खालच्या पायरीला गेरू फासला आणि त्यावर रांगोळी काढली. वसंतराव ऑफिसातून आले आणि दारातच बसले. गेरू दगडात उतरला होता. कमिटीची माणसं येऊन बघून गेली. वसंतराव कसकसले लेप लावून आठवडाभर ती पायरी घासत होते. लाल गेलं, पण गुलाबी राहिलं. ते अजून आहे.

मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"कसलं वाईट? मला वाटलं, पायरी आहे, तिला सणाचं काही नको का? ह्यांना वाटलं, मी कुणाच्या तोंडाला काळं फासलं." मग हसून म्हणाल्या, "आता जे गाइड येतात ना, ते लोकांना सांगतात, हा दगडाचा मूळचा रंग आहे, दुर्मीळ आहे. मी काही बोलत नाही. म्हणू दे."

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. मी कधी मागच्या गल्लीतून त्यांच्याकडे गेले की त्या आत घेत नसत. "पुढून ये. मागून कचरा जातो, माणसाने पुढून यावं." मग मी सगळा वळसा घालून, पायऱ्या चढून, पुढच्या दाराने आत जायची. गुडघे दुखायचे. शिव्या देत चढायची. त्या ऐकत उभ्या असायच्या.

मग इंदूताई न्हाणीघरात पडल्या आणि खुबा मोडला.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर माडीवर जाणं शक्य नव्हतं, म्हणून दाराशेजारच्या छोट्या खोलीत त्यांचा पलंग टाकला. मी भेटायला गेले तर भर दुपारी दिवा लावलेला. म्हटलं, पडदा सारते. पडदा सारला आणि मागे भिंत.

"अहो, बाहेरून तर इथे खिडकी दिसते!"

"दिसते ना," इंदूताई म्हणाल्या. "खोटी आहे. भिंतीच्या पोटात धुराडं आहे, म्हणून खरी खिडकी करता आली नाही. पण बाहेरून ओळ तुटायला नको. मग चौकट बसवली, झडपा बसवल्या आणि कायमच्या मिटून टाकल्या. ह्यांनी गेल्या वर्षी त्या झडपांना नवा रंग दिला. मी इथे आत दिवा लावून पडलेय."

मला त्या दिवशी जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. जिथे माणसाला उजेड पाहिजे तिथे खिडकीचं सोंग, आणि त्या सोंगाला दरवर्षी रंग!

पण इंदूताईंना खिडकीचं फारसं दुःख नव्हतं. त्यांना पायऱ्या हव्या होत्या. फिजिओवाली पोरगी म्हणाली, एका बाजूला धरायला रेलिंग असेल तर तुम्ही हळूहळू चढा-उतराल. एक लोखंडी दांडी. बस. मॉरिसव्हिलहून मुलगा नितीन आला, त्याने माणूस बोलावला, मापं घेतली. माणूस म्हणाला, एका सकाळचं काम आहे. पण रांगेच्या तोंडाला हात लावायचा म्हणजे कमिटीला विचारायला हवं. कमिटीचे अध्यक्ष वसंतराव.

मीटिंग मधल्या घरात होती, त्या त्रिकोणवाल्या. तिथे जायलाही पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणजे जिला पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून ही सगळी मीटिंग, तिलाच मीटिंगला येता येईना. यावर कुणी हसलंसुद्धा नाही. इंदूताई मला म्हणाल्या, "शांता, तू जा. आणि जे होईल ते जसंच्या तसं सांग. ह्यांच्या तोंडून मला ते गुळगुळीत होऊन ऐकायचं नाही."

राजेश म्हणाला, "आई, प्लीज, तिथे काही बोलू नकोस हं. आपण रेंटर आहोत. आपल्याला व्होट नाही."

"तोंड तर आहे," मी म्हटलं.

पण खरंच बोलायची वेळ आली नाही, इतकं सगळं गोड चाललं होतं. या देशात कुणी तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'आम्ही तुमचं ऐकतोय' म्हणतात. कोपऱ्यावरच्या घरातली बार्बरा म्हणाली, इंदू आम्हा सगळ्यांची लाडकी आहे. मग म्हणाली, पण एकाच दाराला दांडी आली तर रांग मोडेल. मग म्हणाली, मागच्या बाजूला दार सपाटच आहे ना? तिथून छान जाता येईल. नितीन म्हणाला, "माझी आई गार्बेजच्या डब्यांमधून जाणार का?" बार्बराने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, आम्ही तुझं ऐकतोय.

हात वर करायला सांगितले. निम्मे बाजूने, निम्मे विरुद्ध. अध्यक्षांचं मत राहिलं. सगळे वसंतरावांकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं. आता घरी जाऊन सांगते.

वसंतराव उभे राहिले. टाय नीट केला. म्हणाले, "हा माझ्या घरचा विषय आहे. मी यात मत देणं बरोबर नाही. मी मत देत नाही."

आणि नियम असा की अर्धे-अर्धे झाले तर जे आहे ते तसंच राहायचं. तो नियमही त्यांनीच लिहिलेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. काय सज्जन माणूस, म्हणे. माझ्या अंगाची आग झाली. आपली काही माणसं अशी असतात. स्वतःच्या घरातल्याला एक घास जास्त वाढायची त्यांना लाज वाटते, लोक काय म्हणतील म्हणून. त्याला ते तत्त्व म्हणतात. बाहेरच्या म्हातारीचा अर्ज असता तर याच वसंतरावांनी हात वर केला असता, मी शपथेवर सांगते.

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. इंदूताई ऐकत राहिल्या.

"हात खालीच ठेवला?"

"हो."

"टाय नीट केला?"

"हो."

"मग विचार करूनच केलं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात वसंतराव आले. मी उठायला लागले तर इंदूताई म्हणाल्या, "बस. अहो, शांताने सांगितलं मला."

"इंदू, तू समजून घे. मीच नियम केला आणि मीच माझ्या बायकोसाठी..."

"बायकोसाठी नाही, पायासाठी मागितलं होतं मी. पाय बायकोचा निघाला, ही माझी चूक."

वसंतराव स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. वाईट माणूस नव्हता. त्यांनी इंदूताईंची सगळी सेवा केली, अंघोळीपासून. तेच तर मला कळत नाही. चार भिंतींच्या आत सगळं करायचं आणि चार लोकांसमोर एक हात वर करायचा नाही?

डॉक्टरकडे न्यायला म्हणून इंदूताईंना एकदा मागच्या दाराने चाकाच्या खुर्चीवरून नेलं. मी बरोबर होते. पिंपांमधून खुर्ची जाईना, म्हणून वसंतरावांनी पिंपं हलवली. एकातलं घाण पाणी इंदूताईंच्या त्या शिवलेल्या मोज्यांवर सांडलं. परत आल्यावर त्यांनी मोजे काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "टाकून दे. या दाराने मी पुन्हा जायची नाही. या घरात मी पुढून आलेय."

आणि खरंच, तो सगळा हिवाळा त्या बाहेर पडल्या नाहीत. खोट्या खिडकीच्या खोलीत दिवा लावून पडून राहायच्या. पायऱ्यांवर ऊन यायचं आणि जायचं. पोस्टमन माझ्या खिडकीशी वाकून विचारायचा, तुमची मैत्रीण कशी आहे? मी म्हणायची, तिला विचार. ती आत आहे. बाहेर आणता येत नाही, कारण घर फार सुंदर आहे.

नितीन फोनवर रोज म्हणायचा, "आई, यार, तू इकडे ये ना. आमच्या घराला एकही स्टेप नाही." इंदूताई म्हणायच्या, येईन, पण इथून बाहेर कशी पडायची ते आधी मला ठरवू दे.

मेमध्ये रांग बघायचा दिवस असतो. बाहेरगावची माणसं येतात, गाइड येतो, काही घरांची दारं उघडी ठेवतात. वसंतरावांचं दार उघडं होतं. ते कोट घालून रस्त्यापलीकडे उभे राहून घोळक्याला त्रिकोण आणि खिडक्या समजावत होते. त्यांची पाठ लोकांकडे आणि तोंड घराकडे होतं, म्हणून त्यांनाच ते पहिल्यांदा दिसलं. बोलता बोलता ते थांबले.

मी तेव्हा चहाचं आधण ठेवत होते. माझ्या खिडकीतून नेहमी पाय दिसतात. त्या दिवशी वरच्या पायरीवर आधी पाय दिसले, अनवाणी. मग गुडघे, मग साडीचा घोळ. इंदूताई दारात खाली बसल्या होत्या आणि बसल्या बसल्याच एक एक पायरी उतरत होत्या. दोन्ही हात मागे टेकायचे, अंग उचलायचं, खालच्या पायरीवर ठेवायचं. फिजिओवालीनेच शिकवलं होतं, दुसरा उपाय नसला तर असं उतरायचं. चांगली साडी नेसल्या होत्या. नथसुद्धा घातली होती.

वसंतराव रस्ता ओलांडून धावत आले. "इंदू, अगं, लोक बघताहेत!"

"बघू द्यात की. बघायलाच तर बोलावलंय तुम्ही."

"मी उचलतो तुला. थांब."

"तेव्हा हात वर झाला नाही, आता कशाला? व्हा बाजूला. माझ्या उन्हाच्या आड येताय तुम्ही."

ते बाजूला झाले. इंदूताई धापा टाकत, थांबत, उतरत राहिल्या. कुणी पुढे आलं की हात हलवून लांब करायच्या. खालच्या गुलाबी पायरीवर आल्या आणि तिथे मांडी ठोकावी तशा बसल्या. कपाळावर घाम, केस सुटलेले.

जरा वेळाने बार्बरा पुढे आली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, इंदू, डार्लिंग, आपल्याला रांगेचा एक फोटो काढायचाय, मिनिटभर इकडे सरकशील का?

इंदूताई म्हणाल्या, "आय ॲम हिअरिंग यू." आणि हलल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात नितीन त्यांना घेऊन गेला. वसंतरावही बरोबर गेले. घर विकलं. नव्या मालकाने आतलं सगळं फोडून काढलं. जिना, भिंती, ते धुराडं, झाडून सगळं. महिनाभर धूळ माझ्या खिडकीत येत होती. कमिटी एक शब्द बोलली नाही, कारण रस्त्यावरून त्यातलं काहीच दिसत नाही. नितीन म्हणतो, मॉरिसव्हिलच्या घराच्या उंबऱ्यात आई रोज सकाळी खुर्ची टाकून बसायची, पण तिथे कुणी चालत जात नाही, नुसत्या गाड्या जातात. मी तिथे गेले नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं शेवटचं म्हणून आहे ते मेमधल्या त्या दिवसाचंच.

इतकी वर्षं मला खिडकीतून त्यांचे पाय दिसत आले. त्या दिवशी त्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या, म्हणून त्यांचं तोंड अगदी माझ्या तोंडासमोर आलं. मध्ये नुसती काच. त्यांनी वाकून आत बघितलं, शेगडीवरचं आधण बघितलं, आणि काचेवर टकटक केलं.

"शांता, चहा इथे आण. आलं घाल. आणि सावकाश ये, मला काही घाई नाही."

मी चहा घेऊन बाहेर गेले. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि फुंकर मारत, एकेक घोट घेत, सगळा चहा संपेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. कॅमेरेवाला समोर थांबला होता.